तळ्याखालची बाज

"ओ पाटील, जाळं काढा म्हणते ना मी! माझ्या मेंढ्या काय पैठणला धाडता का वाहून?"

मावशी तळ्याच्या सांडव्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती. तिच्या आवाजाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती वस्तीवरून मेंढ्यांना हाक मारायची तेव्हा चितेगावच्या कारखान्यांतली माणसं भोंगा झाला म्हणून डबे उचलायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मी त्यातल्याच एका कारखान्यात कामाला होतो, तेव्हा माझ्या शब्दाला काही किंमत असावी.

तळ्याच्या पाळीवर, दुसऱ्या टोकाला, माझे वडील छत्री धरून उभे होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळीही थांबायचं नाव घेत नव्हता आणि पाणी पाळीच्या माथ्याला लागायला हातभर जागा राहिली होती. दादांच्या चेहऱ्यावर मात्र चुलीवर दूध ठेवलेल्या माणसाएवढीच काळजी होती.

"आक्का," ते म्हणाले, "जाळं काढलं तर मासे जातील."

"माशाला वाचवता अन् माणसं बुडवता व्हय?"

आता हे तळं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मासे धरून बसाल.

चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत गेलं की आमचं गाव. गावाच्या वर दोन टेकड्या आणि त्यांच्यामधून येणारा नाला. दुष्काळ सरल्यावर दादांनी स्वतःच्या शेतात तो नाला मातीनं अडवला. पोटात काळी माती, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. गावातले सगळे बैल आणि निम्मे जावई कामाला लावून त्यांनी ती पाळ उभी केली. दादा सांगायचे की आमच्या तळ्याला दुसरा काठ दिसत नाही. पावसाळ्यात, डोळे बारीक करून, धुकं असताना पाहिलं तर ते खरंही होतं. उन्हाळ्यात मात्र त्यात म्हैस बसली की तळं बाहेर आणि म्हैस आत अशी अवस्था व्हायची.

पण तळं आमचं होतं. सरकारी तळं असतं तर सरकारला शिव्या देऊन गाव मोकळं झालं असतं. खाजगी तळ्याला एकच मालक, त्यामुळे सगळ्या शिव्या एकट्या दादांना. त्या बदल्यात खालच्या सगळ्या विहिरींना पाणी. तळ्याखाली राहणाऱ्या मावशीच्या विहिरीलासुद्धा.

मावशी धनगराची. घरधनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला जायची आणि मावशी सून, नातवंडं, म्हाताऱ्या मेंढ्या, कोकरं नि एक अत्यंत उद्धट कुत्रं घेऊन पाळीच्या पायथ्याशी राहायची. नाल्याच्या काठावरची ती जागा तिच्या सासऱ्यापासूनची. तळं नंतर आलं. म्हणजे ती तळ्याखाली राहायला गेली नव्हती, तळं तिच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. हा फरक ती दादांना वर्षातून बऱ्याच वेळा समजावून सांगायची.

मातीच्या तळ्याचं एक असतं. पाणी पोटात कितीही साठवा, पाळीवरून जाऊ द्यायचं नाही. पाळीवरून पाणी वाहिलं की माती गुळासारखी विरघळते आणि मग तळं आणि मालक दोघंही उरत नाहीत. म्हणून एका कडेला, खडक लागेल तिथं, पाळीपेक्षा खोल अशी वाट काढून ठेवतात. जास्तीचं पाणी तिथून बाजूनं निघून जातं. तो सांडवा. तळ्याचा जीव सांडव्यात असतो, हे दादांनी स्वतःच पाळ बांधताना सगळ्या गावाला ऐकवलं होतं.

मग त्यांनी तळ्यात मासे सोडले.

राहू आणि कटला, माशांचं बी कुठल्याशा तळ्यावरून डब्यात आणलेलं. आमच्या घराण्यात मासा कुणी खात नव्हतं. पण चितेगावला कारखाने आले, कारखान्यांत साहेब आले, साहेबांपैकी काही जण समुद्राकडचे निघाले, आणि दादांच्या मनात बसलं की मोठा मासा त्यांच्या घरी पोहोचला की माझी नोकरी पक्की होणार. मासे वाढले. दादांच्या तोंडून ऐकाल तर त्यांतला एक इतका वाढला होता की तो वळायला लागला की पाण्याला लाट येऊन पाळीवरचं गवत भिजायचं. पहिल्याच वर्षी मोठा पाऊस झाला, तळं सांडव्यातून वाहिलं आणि सगळे मासे मजेत खाली उतरून गेले. नाल्याकाठच्या गावांनी आठवडाभर दादांच्या नावानं कालवण केलं. माझी नोकरी कच्चीच राहिली.

म्हणून या वर्षी दादांनी सांडव्याच्या तोंडाला नायलॉनचं जाळं ताणून बांधलं. दोन्ही बाजूंना पहारी ठोकल्या. आणि जाळ्याला आधार हवा म्हणून खाली दगडांची एक ओळ रचली. त्यानं पाणीही थोडं जास्त साठतं, एका दगडात दोन पक्षी. त्या पावसात टेकड्यांवरून बाभळीचे डहाळे, कडब्याच्या पेंढ्या, कुणाचं तरी फाटकं पोतं असं सगळं वाहत आलं आणि जाळ्याला चिकटलं. सांडव्याचं दार लागलं. तळं फुगत चाललं आणि मालक छत्री धरून मासे मोजत उभा राहिला.

मी का घरी होतो, हेही सांगतो. ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून औरंगाबादला एक मोर्चा, बदलू नये म्हणून दुसरा, आणि दोन्हींच्या मधे सापडलेली एसटी. त्या आठवड्यात बंद होता, बस नव्हती, आमची कारखान्यातली पाळीही बंद. त्या काळात मराठवाड्यात गावोगाव वाईट गोष्टी घडल्या, माणसांची घरं जळाली. त्यावर गंमत करण्याइतका मी मोठा माणूस नाही. आमच्या गावात काही जळलं नाही, पण माणसं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागली होती. दादांचा नामांतराला विरोध होता. माझं मत मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

तर मी पाळीवर पोहोचलो तेव्हा मावशीचं बोलणं संपलं होतं. मावशीचं बोलणं संपणं ही गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यामुळे मला धास्तीच वाटली. तिनं कमरेला हात घातला आणि मेंढीची लोकर काढायची कातर बाहेर काढली. लोखंडाची, वीतभर पात्यांची. मेंढीला जशी दोन पायांत धरतात तसं तिनं ते जाळं दोन पायांत धरलं आणि खालून वर कातरत गेली. कर, कर, कर. दादा छत्रीसकट धावले. ते अर्ध्या पाळीवर असताना जाळं सुटलं.

जे पाणी गेलं त्याचं वर्णन दादा पुढं बरीच वर्षं करत होते आणि दर वर्षी त्यात थोडं पाणी वाढत होतं. मी एवढंच सांगतो की छत्री गेली, दगडांची ओळ गेली, मासे गेले, आणि मावशी एका पहारीला धरून उभी होती म्हणून राहिली. दादा काठावरून माशांना नावानं हाका मारल्यासारखे हातवारे करत होते.

पाणी उतरत गेलं. पाळ राहिली. दादा मावशीला काहीतरी सुनावण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात तिनं मला बोट करून खाली बोलावलं. पाळीच्या पायथ्याशी, तिच्या अंगणापासून चार ढांगांवर, जमिनीतून मनगटाएवढा झरा वर येत होता.

मातीच्या तळ्याला पाझर असतोच. तळं घाम गाळतं म्हणायचं. पण घाम स्वच्छ असावा लागतो. हा झरा चहासारखा गढूळ होता. म्हणजे पाण्याबरोबर पाळीच्या पोटातली माती येत होती. मावशीनं त्यात हात घातला, मूठभर गाळ काढला आणि दादांच्या तळहातावर ठेवला. काळी माती होती. दादांनी स्वतः गाड्यांतून आणून टाकलेली.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. बंदच होता, कुणाला कुठं जायचं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत एका जागी न बसलेली माणसं त्या दिवशी बसली, कारण तळ्याखाली सगळ्यांच्याच विहिरी होत्या. आणि खरं सांगायचं तर गावाला कुणाशी तरी मनसोक्त भांडायचं होतं. नामांतरावर तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं त्या दिवशी तळ्यावर निघालं. तळं बांधताना आमच्या भावकीतल्या एकाच्या बैलाचा पाय मोडला होता ही गोष्ट त्या सभेत सगळ्यांना नव्यानं कळली.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. पाळ फोडा. ती म्हणाली, तिचा जीव गेला तर जाऊ दे, पण मेंढरं नि पोरांची पोरं त्या अंगणात झोपतात आणि इथून पुढं पाऊस पडला की ती डोळा मिटणार नाही. दादांचं म्हणणं, पाळ फोडली तर तुझी विहीर पहिली आटेल. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे सभा लांबत गेली. कुणी म्हणालं तहसीलला कळवू. कळवून काय, तळं खाजगी, ते म्हणतील मालकाला सांगा, आणि मालक समोरच बसलाय.

मग बौद्धवाड्यातला माझा जोडीदार उठला. आम्ही एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, शेजारशेजारच्या मशीनवर. एका डब्यात जेवणारे होतो, आणि नामांतर सुरू झाल्यापासून दोन डब्यांत जेवत होतो. तो मोर्चात चालून आला होता, पायाला फोड होते, त्यामुळे उठायलाही त्याला वेळ लागला.

"आमच्या कारखान्यात एक नियम हाय," तो म्हणाला. "क्रेनची साखळी जो तपासतो ना, पहिलं वजन उचलताना त्यालाच खाली उभं करतात. साखळी तुटत नाय मग."

लोक माझ्याकडं बघायला लागले. मीही मान हलवली. असा नियम आमच्या कारखान्यात नव्हता, पृथ्वीवरच्या कुठल्याही कारखान्यात नसावा. पण त्यानं तो इतक्या गंभीरपणे सांगितला की मला क्षणभर आमच्या क्रेनखाली उभा असलेला माणूस दिसलासुद्धा.

"मंग?" दादांनी विचारलं.

"मंग काय काका. तळं तुमचं. पावसाळाभर तुम्ही मावशीच्या अंगणात झोपा."

गाव आधी हसलं. मग हसायचं थांबलं. मावशीनं दादांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात बोकड पाहतात तसं. ती म्हणाली, हे कबूल असंल तर पाळ राहू द्या. आणि दादांच्या तोंडाकडं पाहून सगळ्या गावाला कळलं की आता यांना नाही म्हणता येणार नाही. पाळ पक्की आहे असं जन्मभर सांगणारा माणूस तिच्या खाली झोपायला घाबरतो, असं म्हणवून घेण्यापेक्षा ते एकवेळ विद्यापीठाचं नाव बदलून आले असते.

संध्याकाळी दादांची बाज मिरवणुकीनं निघाली. पुढं दोघांनी बाज धरलेली, मागं दादा बगलेत वळकटी घेऊन, त्यांच्या मागं अर्धं गाव. आई दारात उभी होती. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी काही बोलायला गेलो, तर ती म्हणाली, जाताना अडकित्ताही दे त्यांना, परत घरी यायला निमित्त नको. तिचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात एवढी शांतता झाली नव्हती.

आणि इथून दादांचा दुसरा जन्म सुरू झाला.

माणूस पाळीवर उभा राहिला की त्याला पाणी दिसतं. पाळीखाली आडवा झाला की माती दिसते. पहिल्याच सकाळी दादा उजाडता उजाडता आमच्या दारात हजर. बायको-पोराची विचारपूस नाही. वाळू हवी, खडी हवी, गाडी जुंप. त्या गढूळ झऱ्यावर आम्ही आधी वाळूचा थर टाकला, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. झरा बुजवायचा नव्हता. बुजवलेलं पाणी दुसरीकडून डोकं काढतं. त्याला चाळणीतून येऊ द्यायचं, म्हणजे पाणी येतं आणि माती मागं राहते. सांडव्यातही उरलेसुरले दगड उचलून वाट खोल केली, म्हणजे तळ्यातलं पाणी उतरून पाळीवरचा भार कमी झाला. चौथ्या का पाचव्या दिवशी झरा निवळला. दादांनी त्यातलं पाणी पेल्यात घेऊन गावभर दाखवलं. काही जणांना प्यायला लावलं.

पावसानं उघडीप दिली तशी दादांनी पाळ वीतवीत तपासायला घेतली. पाळीवर त्यांनी हौसेनं वाढू दिलेल्या बाभळी होत्या, बसायला सावली म्हणून. बाभळीचं मूळ पाळीत खोल जातं, कुजलं की त्याची पोकळ नळी होते आणि पाणी त्या नळीतून बिनभाड्यानं प्रवास करतं. दादांनी त्या बाभळी स्वतः तोडल्या. एकेका बाभळीपाशी बसून आधी चुन्याची डबी उघडायचे, तंबाखू मळायचे, मग कुऱ्हाड. बुडखे खणून काढले. घुशींची बिळं निघाली. त्यातलं एक इतकं लांब की त्याच्या एका तोंडाशी धूर केला तर दुसऱ्या गावात माणसं आग लागली म्हणून धावली, असं दादा सांगायचे. मी पाहिलं ते माझ्या हातापेक्षा थोडंच लांब होतं. पण पाळ फुटायला तेवढं पुरतं.

हे सगळे खड्डे भरायचे तर माती दाबून बसवायला हवी. नुसती टाकलेली माती पहिल्या पावसात खचते. दादांचं मन कारखान्याच्या रस्त्यावर चालणाऱ्या रोडरोलरवर गेलं. तो पाळीवर चढवायचा कसा याचा ते दोन दिवस विचार करत होते; मला वाटतं त्यांनी तो रोलर स्वप्नात चढवून पाहिलाही असावा. मावशी ऐकत होती. तिनं मेंढ्या सोडल्या.

मेंढी दिसायला हलकी, पण खूर टोकदार. रोलर माती वरून चोपतो, मेंढी आतून दाबत येते. आम्ही ओल्या मातीचा वीतभर थर टाकायचा, मावशीनं मेंढ्या त्यावरून न्यायच्या आणि आणायच्या. पुन्हा थर, पुन्हा मेंढ्या. मावशीची अट एकच: कळपाच्या मागं दादांनी चालायचं. तिचं म्हणणं, मेंढ्यांना तळ्याचा मालक ओळखीचा पाहिजे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धोतर खोचून, हातात काठी, तोंडानं "हुर्र हुर्र" करत आमचे दादा, पाटलांच्या घरातले, मेंढ्यांमागून पाळीवर येरझाऱ्या घालत होते आणि खाली गाव बसून बघत होतं. ते उद्धट कुत्रं त्यांच्या मागं, एक मेंढी राहिली असं समजून. आणि वरून लेंड्यांचं खत पडलं ते वेगळं. महिन्याभरात पाळीवर अशी दाट हरळी आली की माती हलायचं नाव घेईना.

रविवारी माझा जोडीदार यायचा. नियम त्यानं काढला होता, तेव्हा दादा खरंच तिथं झोपतात की नाही हे तपासणं आपलं काम आहे असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तो बाजेवर बसायचा, मावशी चहा करायची, आणि मग दादांचं नि त्याचं नामांतरावर सुरू व्हायचं. इतर सगळीकडं ज्या विषयावर लोक कुजबुजत होते, त्यावर हे दोघं तळ्याखाली भर दुपारी भांडायचे. मी मधे बसून दोन्ही बाजूंच्या शेंगा खायचो.

एकदा दादा म्हणाले, "नाव बदलून काय व्हतंय रे? नावानं पाणी वाढतंय का?"

"नाय वाढत," तो म्हणाला. "मंग काका, या तळ्याला माझ्या बापाचं नाव द्या. पाणी तेवढंच राहील."

दादांनी चुन्याची डबी उघडून आत पाहिली, जसं काही उत्तर तिच्यात ठेवलं होतं. कोपऱ्यातून मावशीचा फुसकन हसल्याचा आवाज आला.

"चल," दादा उठत म्हणाले, "तिकडच्या अंगाला एक नवं बीळ दिसतंय. बघू."

दोघं गेले. बीळ नव्हतंच. पण पाळीच्या त्या टोकापर्यंत ते दोघं बरोबर चालत गेले आणि बरोबर परत आले. दादांचं मत बदललं असं मी सांगणार नाही, मी थापा मारतो पण इतक्या मोठ्या नाही. मात्र पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जोडीदारानं स्वतःचा डबा माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, काकांनी खाल्लं का काल, का मावशीच्या भाकरीला नाव ठेवलं.

भाकरीला ते नाव ठेवत नव्हते. उलट मावशीच्या अंगणात दादांनी बाळसं धरलं. बाजरीची भाकरी, मेंढीचं दूध, दिवसभर भांडायला तोडीस तोड माणूस. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा पावसाळा असावा. घरी आई खूश, खाली दादा खूश. मावशी खूश आहे की नाही हे कुणालाच कळत नव्हतं, पण पावसाची सर आली तरी ती आता घोंगडं ओढून झोपते, असं तिची सून कुणाला तरी म्हणाली होती.

मग भाद्रपदात तो पाऊस आला.

सकाळी आम्ही कामावर गेलो तेव्हा ऊन होतं. दुपारी कारखान्याच्या पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की शेजारच्या मशीनवरचा जोडीदार काय बोलतोय ते मला त्याच्या ओठांवरून वाचावं लागलं. तो म्हणत होता, चल. सुपरवायझरला त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. आम्ही पैठण रोडनं एका ट्रकमधून फाट्यापर्यंत आलो आणि तिथून चिखलातून चालत सुटलो. रस्त्यावरच्या ओढ्याला कमरेएवढं पाणी. एकमेकांचे हात धरून तो ओलांडला. त्याचं घर तळ्याच्या अलीकडं होतं. तो वळला नाही.

"काका खालीच हाय ना?" त्यानं विचारलं.

"खालीच असणार."

"मंग नाय फुटत."

असं म्हणाला, पण पाय उचलत होता धावल्यासारखे. मीही. टेकडीच्या वळणावर आलो की तळं दिसतं. त्या वळणाआधी आम्ही दोघंही एकदा थांबलो, कुणी कुणाला थांब म्हणालं नाही.

तळं काठोकाठ होतं. सांडवा भरभरून वाहत होता, इतका की त्याचा आवाज पोटात जाणवत होता. पण पाणी पाळीपासून चांगलं खाली होतं आणि हिरवी पाळ तशीच आडवी पसरलेली होती. सांडव्याच्या कडेला, कमरेला दोर बांधून, दोराचं दुसरं टोक खडकातल्या पहारीला, दादा उभे होते. हातात लांब बांबू. वाहत येणारा प्रत्येक डहाळा ते बांबूनं ढकलून वाटेला लावत होते. त्यांच्या पायांजवळून एक मासा उडी मारून गेला, चांगला हातभर. दादांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

आम्ही धावत खाली मावशीकडं गेलो. मेंढ्या काट्यांच्या कुंपणातल्या वाड्यातच होत्या. मला वाटलं होतं, ती त्यांना घेऊन टेकावर गेली असेल. सुनेनं सांगितलं की दादा दुपारीच ओरडत आले होते, आक्का, मेंढ्या वर ने. मावशी उठली, झऱ्यापाशी गेली, ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ पाहिलं. स्वच्छ होतं. मग परत येऊन ती पडवीत दादांच्या बाजेवर बसली आणि चातीवर लोकर कातायला लागली. आम्ही पोहोचलो तेव्हाही ती तेच करत होती. आमच्याकडं पाहून म्हणाली, पाय धुवा आधी.

अंधारायच्या आत पाऊस ओसरला. सांडव्याचा आवाज खाली आला. गाव गोळा झालं, आईसुद्धा आली, आणि दादा पाळीवरून खाली उतरले. अंगावर कोरडा दोरासुद्धा नव्हता, दातावर दात वाजत होते, आणि तरी मी त्यांना इतकं रुबाबात चालताना पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी बोलायला सुरुवात केली. आज आलेलं पाणी कसं जायकवाडीलाही झेपलं नसतं. पाळ कशी केसभरही हलली नाही. एक डहाळा कसा आख्ख्या वडाच्या झाडाएवढा होता आणि तो त्यांनी एका हातानं वळवला. गाव माना डोलवत होतं. जोडीदार सगळ्यात जास्त डोलवत होता.

मग दादा मावशीसमोर उभे राहिले. तिला बोलावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. वाड्यात एक कोकरू ओरडलं तेवढंच.

"आक्का," दादा म्हणाले, "बघितलं ना आता डोळ्यानं? यापरीस मोठा पाऊस तुझ्या सासऱ्यानं पण बघितला नसंल. आता तर पटलं? घेऊन जाऊ का बाज घरी?"

मावशीनं चाती थांबवली नाही. तिनं एकदा पाळीकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"परतीचा पाऊस राह्यलाय," ती म्हणाली. "राहू द्या बाज."